चार किलोमीटरवरचा मित्र फोनमध्ये का दिसत नाही?

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एखाद्याला कर्वेनगरच्या जुन्या मित्राकडे दुसरं बाळ झाल्याचं आठ महिन्यांनी कळतं. तेही कुणाच्या तरी लग्नात, पंगतीला शेजारी बसलेल्या तिसऱ्याच माणसाकडून. दोघं फेसबुकवर एकमेकांचे 'फ्रेंड' आहेत, इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करतात, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही आहेत. बाळाचा फोटो टाकला गेला होता. मग तो दिसला कसा नाही? आणि त्याच आठ महिन्यांत कुठल्या तरी अनोळखी माणसाचं स्वयंपाकघर आणि त्याचं मांजर रोज कसं दिसत होतं?

अशा वेळी माणसं दोष एक तर मित्राला देतात, नाही तर स्वतःला. "तो आता पहिल्यासारखा राहिला नाही" किंवा "माझंच लक्ष नसतं." थोडं तसं असेलही. पण यातला बराच भाग अ‍ॅपच्या रचनेतून येतो, आणि ही रचना समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मक्तेदारीचा खटला भरला होता. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तो मेटाच्या बाजूने निकाली निघाला. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती कंपनी जिंकल्याची. सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट निकालातल्या दोन आकड्यांमध्ये होती. अमेरिकेतले लोक फेसबुकवर घालवलेल्या वेळापैकी फक्त १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं पाहतात. इन्स्टाग्रामवर हेच प्रमाण ७ टक्के आहे. म्हणजे तासभर इन्स्टाग्राम पाहिलं तर मित्रांच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. कंपनीचा बचावच असा होता की लोक आता आमच्याकडे मुख्यतः अनोळखी लोकांचे व्हिडिओ पाहायला येतात, म्हणून आमची खरी स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे. आकडे अमेरिकेचे असले, तरी अ‍ॅप तेच आहे आणि त्याची रचनाही तीच.

क्रम कोण लावतं

२००६ च्या आधी फेसबुकवर मित्राचं काय चाललंय ते पाहायचं तर त्याच्या पानावर जावं लागे. वाड्याच्या दिंडीतून आत डोकावून "आहेस का रे?" विचारावं, तसं. ५ सप्टेंबर २००६ पासून सगळ्यांच्या नव्या गोष्टी एकाखाली एक आपल्याच पानावर येऊ लागल्या. या यादीला फीड म्हणतात. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हा त्याचं फीड साधं होतं. ताजं वर, जुनं खाली. २०१६ पासून तिथेही क्रम वेळेवर ठरेनासा झाला. तो आता अल्गोरिदम लावतो, म्हणजे ठरावीक नियमांनी मोजदाद करून निर्णय घेणारा प्रोग्रॅम.

तो काय मोजतो हे गुपित नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२१ मध्ये ते लिहून सांगितलं होतं. आधी तुम्हाला दाखवता येतील अशा पोस्ट गोळा होतात. मग प्रत्येक पोस्टबद्दल अंदाज बांधला जातो: तुम्ही तिच्यावर काही सेकंद थांबाल का, लाइक कराल का, कमेंट कराल का, ती सेव्ह कराल का, टाकणाऱ्याच्या फोटोवर टॅप करून त्याच्या प्रोफाइलवर जाल का. या अंदाजांवरून गुण ठरतात आणि गुणांवरून क्रम. या यादीत "हा माणूस तुमचा कोण लागतो?" हा प्रश्न कुठेच नाही.

लग्नाच्या पंगतीतला वाढपी आठवा. कुणाच्या ताटातलं काय पटकन संपतंय यावर त्याची नजर असते. जिलबी चटकन संपली की जिलबी परत येते. कोशिंबीर चवीने, हळूहळू खाणाऱ्याच्या ताटात कोशिंबीर दिसत राहते, म्हणून वाढपी समजतो की याला ती नको आहे आणि पुढे जातो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण तो ताट पाहतो, आवड विचारत नाही. फीडही असंच चालतं. त्याच्याकडे नोंद असते ती तुमच्या बोटांच्या हालचालींची.

यावर कुणी म्हणेल, फेसबुकनेच तर मित्र आणि कुटुंबीयांना प्राधान्य देऊ असं जाहीर केलं होतं. खरं आहे, जानेवारी २०१८ मध्ये केलं होतं. पण 'अर्थपूर्ण संवाद' मोजायचा कसा, तर मुख्यतः कमेंट आणि शेअर मोजून. मित्राच्या बाळाचा फोटो पाहून मनात "बरं झालं" म्हणत पुढे गेलेला माणूस या मोजणीत येत नाही. राजकारणावरून कडाडून भांडलेले दोघे मात्र येतात.

गप्प मित्र आधी का हरवतो

आता एक हिशेब करू. तुमच्या यादीत २०० माणसं आहेत असं धरा. त्यातली १० रोज एक पोस्ट टाकतात, उरलेली १९० महिन्यातून एकदा. महिन्याच्या एकूण पोस्ट झाल्या ४९०. त्यातल्या ३०० त्या दहा जणांच्या. म्हणजे अल्गोरिदमने काहीही केलं नाही, तरी निम्म्याहून जास्त जागा दहा माणसांची असते. तुमचा बालमित्र त्या १९० मध्ये असेल तर तो तिथेच मागे पडला.

पुढचं काम अल्गोरिदम करतो. मित्राची महिन्यातली एकुलती पोस्ट तुम्ही मीटिंगमध्ये असताना आली आणि पाहायची राहिली. त्याच्याशी तुमचा 'व्यवहार' शून्य, म्हणून त्याच्या पुढच्या पोस्टचे गुण कमी. ती खाली गेली, म्हणून पुन्हा दिसली नाही. दिसली नाही म्हणून लाइक नाही, लाइक नाही म्हणून आणखी खाली. तिकडे त्याच्या फोनमध्ये तुमच्याबाबतही हेच चालू असतं. दोघांनाही वाटतं की समोरच्याने संबंध कमी केले. या फेऱ्यात कुणीही कुणाशी वाईट वागलेलं नसतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. अनेक जुन्या मैत्र्यांमधला अबोला खरं तर अबोला नसतोच.

बाकीच्यांचं आयुष्य जास्त भरलेलं का दिसतं

पावसाळ्यात संध्याकाळी स्टोरी उघडाव्यात तर कुणी ताम्हिणीत, कुणी सिंहगडावर पिठलं-भाकरी खातंय, कुणी दापोलीला. आपण मात्र गॅलरीत कपडे वाळतायत का ते बघत घरी. यामागेही गणित आहे, आणि ते एकदा कळलं की छातीवरचं ओझं खरोखर हलकं होतं.

तुमच्या २०० जणांपैकी प्रत्येक जण वर्षातून फक्त दोनदा, तीन-तीन दिवस बाहेरगावी जातो असं समजा. ही काही फार मौजमजा नव्हे. पण २०० गुणिले ६ म्हणजे १२०० दिवस. ते वर्षाच्या ३६५ दिवसांवर वाटले तर रोज सरासरी तीन माणसं कुठे तरी फिरायला गेलेली असतात. उरलेले १९७ जण घरी कपडेच वाळत घालत असतात, पण त्याची स्टोरी कुणी टाकत नाही. तुम्ही 'लोक' म्हणून पाहता ते रोज बदलणारे तीन जण असतात, आणि मन त्या सगळ्यांचा एकच सतत फिरणारा माणूस करून त्याच्याशी स्वतःची तुलना करत राहतं.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. "माझ्यापेक्षा माझ्या मित्रांना जास्त मित्र आहेत" असं वाटतं ना? बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने हे मांडलं. कागदावर करून पाहा. एका सोसायटीत पाच मुलं आहेत. मंदार ढोल-ताशा पथकात आहे, बाकी चौघांशी त्याची मैत्री. स्नेहा आणि गौरी एकमेकींच्याही मैत्रिणी. ओंकार आणि तेजस फक्त मंदारला ओळखतात. म्हणजे मंदारला ४ मित्र, स्नेहाला २, गौरीला २, ओंकारला १, तेजसला १. सरासरी प्रत्येकी दोन.

आता स्नेहाच्या बाजूने बघा. तिचे मित्र मंदार आणि गौरी, त्यांना मित्र ४ आणि २, सरासरी ३. तिला स्वतःला २. गौरीचंही तसंच. ओंकारचा एकच मित्र, त्याला ४ मित्र. तेजसचंही तेच. पाचातल्या चौघांना आपण मागे आहोत असं दिसतं. कारण सोपं आहे. ज्याला खूप मित्र असतात तो खूप जणांच्या यादीत असतो, म्हणून तोच पुन्हा पुन्हा मोजला जातो. चौघांपैकी एकाच्याही स्वभावात काही खोट नाही. हा मंदार प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं त्याच्याकडे बघून स्वतःला कमी लेखतात. घरात त्या वयाचं मूल असेल तर हा पाच नावांचा कागद त्याच्यासमोर जरूर मांडा. "फोन बाजूला ठेव" यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

निळ्या खुणांचा अर्थ

व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या आणि रुसव्याला एक नवं कारण मिळालं. त्या नेमकं काय सांगतात ते पाहू. एक राखाडी खूण म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला. दोन राखाडी म्हणजे तो समोरच्या फोनपर्यंत पोचला. दोन निळ्या म्हणजे ते चॅट उघडलं गेलं. ग्रुपमध्ये दोन्ही खुणा निळ्या होतात त्या सगळ्यांनी मेसेज उघडल्यावरच. म्हणून सत्तर जणांच्या ग्रुपवर त्या दिवसेंदिवस राखाडीच राहतात. त्याचा अर्थ कुणीच वाचलं नाही असा होत नाही.

चॅट उघडलं आणि मेसेज वाचला, यातलं अंतर मोठं आहे. ऑफिसच्या बसमधून उतरताना चुकून बोट लागलं तरी खूण निळी होते. उलट पूर्ण मेसेज वर येणाऱ्या पट्टीत वाचला, तर ती राखाडीच राहते. एकच खूण बराच वेळ दिसली की "ब्लॉक केलं" हा निष्कर्ष काढण्याची घाई होते, पण फोन बंद असला किंवा रेंज नसली तरी हेच दिसतं. खुणा नकोच असतील तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत 'रीड रिसीट्स' बंद करता येतं. मग इतरांच्या निळ्या खुणाही तुम्हाला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये आणि आवाजी मेसेजसाठी मात्र ही सोय चालत नाही.

तातडीचं काम मेसेजवर टाकून खुणा बघत बसण्यात काही अर्थ नाही. त्यासाठी फोन करायचा. आणि तातडीचं नसेल तर मेसेजच्या शेवटी "घाई नाही, रविवारपर्यंत सांग" एवढं लिहिलं की दोन्हीकडचा ताण जातो.

यादीत पाचशे, हाकेला पाच

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये मेंदूचा आकार आणि कळपाचा आकार यांचा संबंध जोडला. त्यातून माणूस साधारण १५० जणांशी खरी ओळख टिकवू शकतो असा अंदाज पुढे आला. २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. आकडा इतका पक्का धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते रास्त वाटतं. म्हणून १५० ला चिकटून राहायचं कारण नाही. उपयोगाची आहेत ती आतली वर्तुळं: अगदी जवळचे ५, त्यांना धरून १५, मग ५०, मग १५०. पहिल्या पाचांशी साधारण आठवड्याला बोलणं होतं, पंधरांशी महिन्याला, सगळ्यात बाहेरच्यांशी वर्षातून एकदा. डनबार यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या फेसबुक वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यादीत सरासरी दीडशेहून जास्त नावं, पण अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल असे सुमारे चारच. यादी लांबली म्हणून आतलं वर्तुळ मोठं झालं नव्हतं.

का नाही होत? कारण मैत्रीला तास लागतात. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हे तास मोजायचा प्रयत्न केला. ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० हून जास्त. हे तास कामाचे नव्हेत, एकत्र घालवलेल्या मोकळ्या वेळाचे.

पुण्यात याचा ढळढळीत पुरावा गणपतीच्या आधी मुठेच्या नदीपात्रात ऐकू येतो. पथकाचा सराव दीड-दोन महिने चालतो. रोज दोन तास आणि ५० दिवस धरले तर एका मोसमात १०० तास होतात. हॉल यांच्या हिशेबाने ओळखीच्या माणसाचा मित्र झाला. दोन मोसमांत जिवलग. ढोलाचा दोर ताणताना, कुणाच्या तरी हाताला पट्टी बांधताना, सरावानंतर वडापावच्या गाडीवर उभं राहताना ते तास आपोआप भरतात. पथकातल्या मैत्र्या इतक्या घट्ट का असतात, याचं कोडं इथे सुटतं. कॉलेजचा कट्टा, एकांकिकेची तालीम, हॉस्टेलची मेस यांचंही तसंच. शिक्षण संपलं की माणसं बदलत नाहीत, तास देणारी जागा संपते.

याउलट लाइक. एका लाइकला एक सेकंद. रोज एक दिलं तर वर्षभराचे झाले सहा मिनिटं.

"मग लाइक करूच नये का?"

करावं की. फक्त त्याने काय होतं आणि काय होत नाही हे माहीत असावं. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं, की जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेल्या मजकुराचा आपल्याला बरं वाटण्याशी संबंध आहे. एका टॅपच्या प्रतिसादाचा किंवा नुसतं बघत राहण्याचा तसा संबंध सापडला नाही.

शाळेच्या ग्रुपवरचा वाढदिवस पाहा. सकाळी ७ वाजता पहिला जण केकचं चित्र टाकतो आणि दुपारपर्यंत त्याखाली अडतीस केक जमतात. संध्याकाळी "सर्वांचे मनापासून आभार" येतं आणि दिवस संपतो. त्याच दिवशी एकाने वेगळा मेसेज करून विचारलं, "काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? जिना चढता येतो का आता?" तर बघा काय होतं. हा प्रश्न विचारायला तुम्हाला त्याच्या घरचं काही तरी आठवावं लागलं, आणि तेच त्याच्यापर्यंत पोचतं. केक कुणालाही पाठवता येतो. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही हे ज्याला माहीत आहे, तोच जिन्याचं विचारतो.

"पण सोशल मीडियामुळेच तर जुने मित्र सापडले"

हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. दहावीनंतर पांगलेली तुकडी वीस वर्षांनी एका ग्रुपमध्ये जमली, ती याच अ‍ॅपमुळे. शिवाय लांबच्या ओळखींचं स्वतःचं मोल असतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी नेहमी भेट होत असे. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्याकडून येते. रक्तदाता हवा असतो, गावाकडच्या शिक्षकांचा पत्ता हवा असतो, तेव्हा हेच जाळं कामी येतं.

तेव्हा अ‍ॅप सोडून द्या, असा सल्ला इथे नाही. लांबची माणसं अ‍ॅपवर खुशाल असू द्या. आतले पाच आणि पंधरा मात्र फीडच्या भरवशावर सोडू नका.

फोनमध्ये करायचे बदल

एक कागद घ्या आणि पंधरा नावं लिहा. फोन न बघता लिहा, हे महत्त्वाचं. फोन उघडला की जे वारंवार दिसतात तेच आठवतात. मग पुढच्या गोष्टी करा. अ‍ॅपच्या आवृत्तीप्रमाणे बटणाची जागा थोडी इकडेतिकडे असेल.

इन्स्टाग्रामवर 'फेव्हरिट्स' नावाची यादी असते, तिच्यात ५० पर्यंत खाती घालता येतात. त्यांच्या पोस्ट वर येतात आणि त्यांना याची सूचना जात नाही. तिथेच 'फॉलोइंग' असा पर्याय असतो, त्यात तुम्ही फॉलो करता त्यांचंच आणि ताजं वर या क्रमाने दिसतं. फेसबुकवर हीच सोय 'फीड्स' या भागात आहे, तिथे 'फ्रेंड्स' निवडायचं. अ‍ॅप पुन्हा उघडलं की ते नेहमीच्या फीडवर परत जातं, त्यामुळे ही निवड दर वेळी करावी लागते. बरेच जण दोन दिवसांत सोडून देतात ते याच कारणाने.

व्हॉट्सअ‍ॅपवर तीन चॅट वर पिन करता येतात. तिथे ऑफिसचा ग्रुप नको, माणसं ठेवा. मोठे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडायचाच असेल तर २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते, चारचौघांत जाहीर होत नाही.

फोटो टाकण्याबद्दल एक सांगणं जरूर आहे. पाच जणांच्या कंपूतले तिघे सिंहगडावर गेले आणि फोटो स्टेटसला लावला, की राहिलेल्या दोघांना ते तिथे कळतं. पूर्वीही तिघे जात, पण दोघांना बोलण्याच्या ओघात समजे, तेही "अरे, अचानक ठरलं" या वाक्यासह. फोटोला ते वाक्य जोडलेलं नसतं. तेव्हा फोटो टाकण्याआधी त्या दोघांना एक फोन करावा. स्टेटस लपवायची सोय असते, पण लपवलेलं तिसऱ्याकडून कळलं तर जास्त लागतं.

"भेटू रे कधीतरी" का विरतं

बावीस जणांच्या ग्रुपवर कुणी लिहितं, "खूप दिवस झाले, भेटूया." वीस अंगठे येतात आणि भेट होत नाही. आळस हे याचं कारण नव्हे. प्रश्न सगळ्यांना विचारला की उत्तराची जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशीच येते. दुसरा कुणी तरी ठरवेल, असं बावीसच्या बावीस जणांना वाटतं.

ठरवण्याची पद्धत उलटी हवी. आधी दोघांना वेगवेगळं विचारा, तेही दोनच तारखा देऊन: "१४ चा शनिवार की २१ चा?" दोघांचं ठरलं की ग्रुपवर लिहा: "मी आणि सुजाता शनिवारी सकाळी साडेसातला वेताळ टेकडीवर जातोय, साडेनऊला खाली उतरणार." आता भेट होणार की नाही हा प्रश्नच उरला नाही, फक्त कोण येणार एवढंच बाकी. संपण्याची वेळ सांगणं फार महत्त्वाचं आहे. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असणारा अनिश्चित वेळेच्या भेटीला येऊच शकत नाही, आणि तसं म्हणायला संकोचतो.

पुण्यात जागा हा मोठा अडसर असतो. एक पिंपरीत, एक खराडीच्या बाजूला, एक कोथरूडला. "मधे कुठे तरी" म्हणजे कुणाच्या तरी गाडीचे दोन तास. मेट्रोमुळे हे थोडं सोपं झालं आहे. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट हे दोन्ही मार्ग शिवाजीनगरजवळच्या जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात मिळतात. डेक्कन जिमखाना तिथून जवळ. तिघांनाही पार्किंग शोधावं लागत नाही. महिन्याचा दुसरा शनिवार असा दिवस कायमचा बांधून टाकला तर ठरवण्याचं कामच संपतं. पथक जे करतं ते हेच: वेळ आणि जागा आधीच ठरलेली, माणसाने फक्त यायचं.

सकाळचं 'शुभ प्रभात'

घरातल्या ज्येष्ठांचे फुलांचे आणि सुविचारांचे मेसेज अनेकांना कटकट वाटतात. त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला हवं. सहकारनगरच्या घरात दोघंच राहतात, मुलगी कॅलिफोर्नियात. सकाळी साडेसहाला आलेल्या गुलाबाच्या चित्राचा अर्थ असतो, "उठलो, बरा आहे." ती रोजची हजेरी आहे. तो मेसेज ज्या दिवशी आठ वाजेपर्यंत येत नाही, त्या दिवशी फोन करा. फोनची जागा भरण्याची अडचण असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये जाऊन आपोआप डाउनलोड बंद करा, म्हणजे चित्रं तुम्ही टॅप केल्याशिवाय उतरणार नाहीत. वडिलांना "पाठवू नका" म्हणू नका. आणि अधूनमधून गुलाबाला उत्तर म्हणून प्रश्न पाठवा: "आज टेकडीला गेला होतात का? कोण कोण भेटलं?"

"इतक्या वर्षांनी फोन केला तर विचित्र वाटेल"

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे. याचा अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलने संपर्क करायला सांगितलं. फोन अवघड जाईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात तो जास्त अवघड गेला नाही, आणि जवळीक फोननेच जास्त वाटली. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की अचानक आलेल्या विचारपुशीने समोरच्याला किती आनंद होतो याचा अंदाज आपण नेहमी कमी करतो. अनपेक्षित असेल तर आनंद उलट जास्त होतो.

फोन करताना कारण लागतं, आणि ते लहान असलं तरी पुरतं. "आज शाळेवरून गेलो, गेटसमोरचं चिंचेचं झाड तोडलंय, तुला सांगावंसं वाटलं." मध्ये इतकी वर्षं का गेली याचा खुलासा करत बसू नका. मग समोरच्यालाही त्याचा खुलासा द्यावा लागतो आणि पाच मिनिटं दोघांच्या अपराधी वाटण्यातच जातात. अवेळी तर वाजणार नाही ना अशी धाकधूक असेल तर आधी एक ओळ पाठवा: "साडेआठला पाच मिनिटं फोन करू का? काम काही नाही." शेवटचे तीन शब्द विसरू नका. वर्षांनंतर आलेल्या फोनला लोक बिचकतात ते पैसे, विमा किंवा लग्नाचं आमंत्रण असेल म्हणून.

आणि उत्तर आलंच नाही तर? दोन आठवडे जाऊ द्या आणि एकदा फोन करा. तोही उचलला नाही तर तिसऱ्यांदा लगेच नको. नंबर बदलला असेल, घरात आजारपण असेल, किंवा त्याला खरंच नको असेल. बाहेरून या तिन्हींतला फरक ओळखता येत नाही. त्याचा वाढदिवस कॅलेंडरमध्ये लावून ठेवा आणि त्या दिवशी ज्याला उत्तराची गरज नाही अशी एक ओळ पाठवा: "आज तुझा वाढदिवस. चिंचेच्या झाडाच्या जागी त्यांनी आता बाक ठेवलाय."